नैराश्यात दिवस कसा काढायचा, उमेद कशी टिकवायची

पहाटे चारला जाग येते. पुन्हा झोप लागणार नाही हे ठाऊक असतं. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं आणि समोर अख्खा दिवस पसरलेला असतो. उठायचं, दात घासायचे, कपडे बदलायचे, कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. एरवी ज्यांची दखलही घेतली नसती अशा गोष्टी एकेक करून अंगावर येतात. ज्यांनी नैराश्य अनुभवलंय त्यांना ही पहाट वेगळी सांगायला नको.

मी या आजारातून दोनदा गेले आहे. पहिल्या वेळी नऊ महिने लागले, दुसऱ्या वेळी साधारण पाच. दुसऱ्या वेळी माझं मन जास्त खंबीर झालं होतं असं मुळीच नाही. पण काय करायचं ते माहीत होतं आणि ते लिहून ठेवलेलं होतं. तेच इथे सविस्तर सांगते. डॉक्टरांच्या उपचारांना हा पर्याय नाही. उपचार चालू असताना दोन भेटींच्या मधले जे दिवस आपले आपल्यालाच काढावे लागतात, त्या दिवसांसाठी हे आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमच्या मनात आत्ता मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर बाकीचं सगळं सोडा. जवळ असेल त्या माणसाला हाक मारा, आणि खाली 'रात्र वैऱ्याची असते तेव्हा' हा भाग आहे तो आधी वाचा.

पहिली पायरी: हे नैराश्यच आहे का, ते पाहा

वाईट बातमी आली, अपयश आलं, कुणी दुरावलं की मन उदास होतंच. ते स्वाभाविक आहे आणि बहुतेक वेळा हळूहळू ओसरतं. नैराश्य ओळखताना डॉक्टर किमान दोन आठवड्यांचा काळ धरतात. या दोन आठवड्यांत जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न राहतं, किंवा कशातच राम वाटत नाही. हे दुसरं वाक्य आपण सहज बोलून जातो, पण निदानातल्या दोन मुख्य लक्षणांपैकी ते एक आहे. मला कितीतरी दिवस 'मी काही रडत नाहीये, मग हे नैराश्य कसं?' असा प्रश्न पडला होता. रडू न येणं, काहीच न वाटणं, आवडत्या माणसाचा आवाज ऐकूनही आत काही न हलणं, हेसुद्धा नैराश्यच.

त्यासोबत झोप उडते किंवा फार येते, भूक आणि वजन बदलतं, अंगात त्राण राहत नाही, हालचाली मंदावतात किंवा जीव सारखा तगमगतो, लक्ष लागत नाही, साधे निर्णय घेता येत नाहीत, आपण निकामी आहोत आणि सगळी चूक आपलीच आहे असं वाटत राहतं, मरणाचे विचार येतात. एकूण नऊ लक्षणांपैकी किमान पाच, आणि त्यांत वरच्या दोन मुख्य लक्षणांपैकी निदान एक, असा निदानाचा ढोबळ नियम आहे. काही जणांत हे सगळं मनापेक्षा शरीरातूनच आधी बोलतं. डोकं दुखतं, पाठ धरते, पोट बिघडतं, तपासण्या होत राहतात आणि हाती काही लागत नाही.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना भेटायला हवंच. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज कितीही कमी असो, थांबू नका. ही प्रश्नावली निदान करत नाही, पण डॉक्टरांसमोर शब्द सुचत नाहीत तेव्हा भरलेला तो कागद पुढे सरकवता येतो. दर दोन आठवड्यांनी ती पुन्हा भरत गेलात तर आपण सुधारतोय की नाही हे आकड्यांत दिसतं. ते फार महत्त्वाचं आहे. का, ते पुढे येईलच.

दुसरी पायरी: 'आता काही होणार नाही' हे कोण बोलतंय ते ओळखा

तापात थंडी वाजते. खोलीत उकडत असलं तरी अंग कुडकुडतं, आणि ती थंडी खोटी नसते. पण म्हणून बाहेर हिवाळा आहे असं कुणी म्हणत नाही. 'आता काही सुधारणार नाही' ही भावना तशीच आहे. ती आजारातून येते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांचे विचार बारकाईने टिपले, तेव्हा त्यांना तीन धागे पुन्हा पुन्हा दिसले: मी वाईट आहे, जग वाईट आहे, आणि पुढेही असंच राहणार आहे. भविष्याबद्दलचा हताशपणा हा आजाराच्या घडणीतलाच एक भाग आहे.

मला हे कळलं त्या दिवशी बरं वाटलं असं नाही. पण आतल्या आवाजाला नाव मिळालं. 'माझं काही खरं नाही' असं मनात आलं की त्यापुढे मी 'असं माझा आजार म्हणतोय' हे शब्द जोडायला लागले. विश्वास बसो न बसो, शब्द जोडायचे. करून पाहा.

स्मरणशक्तीचीही एक गोष्ट आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की नैराश्यात ठरावीक प्रसंग आठवणं अवघड जातं. 'आनंदाचा एखादा प्रसंग सांगा' म्हटलं तर निरोगी माणूस एखादी संध्याकाळ सांगतो, कोण होतं, काय झालं ते सांगतो. नैराश्यातला माणूस 'पूर्वी बरं वाटायचं' एवढंच म्हणून थांबतो. चांगले दिवस घडलेले असतात, पण त्यांचा तपशील हाताला लागत नाही. म्हणून आठवणींवर विसंबायचं नाही, कागदावर विसंबायचं. यापुढचं जवळजवळ सगळं काम एका साध्या वहीत होणार आहे. ती आजच जवळ घेऊन ठेवा.

याच कारणासाठी, टाळता येण्यासारखे मोठे निर्णय पुढे ढकला. नोकरी सोडणं, नातं तोडणं, घर विकणं हे आजाराच्या डोळ्यांनी पाहून ठरवू नका. घरात मारहाण होत असेल किंवा जिवाला धोका असेल तर मात्र थांबायचं नाही.

तिसरी पायरी: डॉक्टरांकडे जाताना आणि गोळ्या घेताना

पहिल्या भेटीला जाण्याआधी एका कागदावर पाच-सहा ओळी लिहा: त्रास कधीपासून आहे, झोप कशी आहे, काय काय जमेनासं झालंय, घरात कुणाला असा आजार होता का, कोणती औषधं चालू आहेत, दारू किंवा इतर व्यसन आहे का. आयुष्यात कधी याच्या उलट काळ आला होता का, हेही आठवून लिहा. म्हणजे चार-पाच दिवस किंवा जास्त काळ झोपेची गरजच वाटत नव्हती, अंगात उत्साह मावत नव्हता, वाट्टेल तसा खर्च केला, विचार सुसाट धावत होते. तसं घडलं असेल तर तो द्विध्रुवी विकार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. निव्वळ नैराश्याच्या गोळ्यांनी त्यात उलट त्रास वाढू शकतो. थायरॉईडची कमतरता, बी-१२ची कमतरता, रक्तक्षय यांमुळेही थकवा आणि उदासी येते, म्हणून डॉक्टर रक्ततपासणी सांगतील. ती करून घ्या.

औषधांत सहसा सुरुवात एसएसआरआय गटातल्या, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्यांनी होते. त्यांच्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा, झोपेतले बदल असे त्रास पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतात. फायदा जाणवायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात आणि पूर्ण परिणाम कळायला सहा ते आठ. म्हणजे सुरुवातीला फक्त त्रासच पदरी पडतोय असं वाटतं, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर माणसं गोळ्या सोडतात. मीही सोडल्या होत्या. त्रास सहन होत नसेल तर डॉक्टरांना फोन करा, मात्रा बदलता येते. लैंगिक इच्छा कमी होणं हाही एक नेहमीचा दुष्परिणाम आहे. संकोचापायी कुणी बोलत नाही आणि गुपचूप औषध थांबवतं. तुम्ही बोला, त्यावरही उपाय असतात. वय पंचविशीच्या आत असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का याकडे घरच्यांनी विशेष लक्ष ठेवावं. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून गोळी सुरूही करू नका आणि बंदही करू नका.

पहिलं औषध लागू पडलं नाही म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. अमेरिकेत सुमारे ४,००० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्याच औषधाने पूर्ण बरे झालेले रुग्ण त्यात साधारण एक तृतीयांशच होते. औषध बदलून, जोड देऊन पुढे आणखी कितीतरी जणांना आराम पडला. बरं वाटायला लागल्यावरही गोळ्या साधारण किमान सहा महिने चालू ठेवायला सांगतात. एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असं होऊ शकतं. थांबवायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करतच.

संवादोपचार, म्हणजे प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञाशी ठरावीक पद्धतीने चालणाऱ्या भेटी, सौम्य आणि मध्यम नैराश्यात औषधांच्या तोडीचे ठरतात. तीव्र नैराश्यात दोन्ही एकत्र घेणं चांगलं. पहिल्या दोन-तीन भेटींत समोरच्या व्यक्तीशी सूर जुळला नाही तर दुसरी व्यक्ती शोधा. तसं करण्यात काहीच गैर नाही.

चौथी पायरी: इच्छेची वाट न पाहता हात हलवणं

माझ्या मते रोजच्या जगण्यात सर्वांत जास्त फरक याने पडतो. आपण समजतो की आधी मन तयार होतं, मग आपण कामाला लागतो. नैराश्यात हा क्रम मोडतो. मन तयार होत नाही, म्हणून माणूस काही करत नाही. काही केलं नाही की समाधानाचा एकही क्षण वाट्याला येत नाही, आणि मन आणखी खचतं. मानसशास्त्रज्ञ पीटर ल्युइनसन यांनी १९७०च्या दशकात हे चक्र मांडलं आणि त्यावरून वर्तनाला चालना देण्याची उपचारपद्धत तयार झाली. तिचं सार एवढंच की कृती आधी, इच्छा मागून.

पण 'उठ आणि कामाला लाग' असं म्हणून हे जमत नाही. काम इतकं लहान करावं लागतं की त्याला नकार देणंही अवघड व्हावं.

अंघोळीचं उदाहरण देते, कारण पहिल्या वेळी मला तोच डोंगर वाटायचा. चार-चार दिवस अंघोळ होत नव्हती आणि त्याची लाज वेगळीच. मग मी तिचे तुकडे केले. खाटेवर उठून बसायचं. पाय जमिनीला टेकवायचे. कपाटातून टॉवेल काढायचा. न्हाणीघराच्या दारापर्यंत जायचं. टॉवेल खुंटीला लावायचा. नळ सोडायचा. पाण्यात हात घालून बघायचा. पाय धुवायचे. मग तोंड. मग बाकीचं. कुठल्याही टप्प्यावर परत फिरायची मुभा होती. एका मंगळवारी मी स्टुलावर बसून पाय धुतले आणि परत येऊन आडवी झाले. वहीत त्या दिवसापुढे लिहिलं, 'पाय धुतले.' आदल्या दिवशी तिथे काहीच नव्हतं. त्या आठवड्याच्या शेवटी, शनिवारी, डोक्यावरून अंघोळ झाली.

आता वहीची रीत सांगते. रोज फक्त दोन किंवा तीन गोष्टी ठरवा. एक अशी, जी केल्यावर काहीतरी मार्गी लागतं: भांडं धुणं, एक बिल भरणं, एका पत्राला उत्तर. एक अशी, जी पूर्वी आवडायची: झाडाला पाणी घालणं, गाणं ऐकणं, रेघोट्या मारणं. जमलं तर एखादी दुसऱ्या माणसाशी जोडणारी. प्रत्येकीपुढे वेळ लिहा, कारण 'जमेल तेव्हा' म्हटलेली गोष्ट या आजारात होत नाही. मग करण्याआधी अंदाज लिहा, 'हे केल्यावर मला किती बरं वाटेल?' ० ते १० मध्ये. केल्यावर खरोखर किती वाटलं तो आकडा शेजारी लिहा.

माझ्या वहीत पहिल्या आठवड्यात असं दिसत होतं: खिडकीत दहा मिनिटं बसणं, अंदाज १, नंतर २. मैत्रिणीला फोन, अंदाज ०, नंतर ४. कपड्यांच्या घड्या, अंदाज १, नंतर १. मोठे आकडे कुठेच नव्हते. पण तीन आठवड्यांनी पानं उलटताना लक्षात आलं की माझा अंदाज बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा खालीच होता. चुकत होता, आणि एकाच दिशेने चुकत होता. भविष्याबद्दल जे मन मला ठामपणे 'काही होणार नाही' म्हणून सांगत होतं, त्याला उद्या सकाळच्या दहा मिनिटांचाही अंदाज नीट बांधता येत नव्हता. त्या महिन्यांत मला 'सगळं ठीक होईल' असं हजारदा सांगण्यात आलं होतं. त्यातल्या एकाचाही उपयोग या दोन आकड्यांइतका झाला नाही.

एखाद्या दिवशी ठरवलेलं झालं नाही तर स्वतःला कोसू नका. त्याच गोष्टीचा आणखी लहान तुकडा करून दुसऱ्या दिवशी ठेवा. आणि एखाद्या दिवशी अंगात बळ आलं म्हणून सगळं घर एकदम आवरायला घेऊ नका, त्याची किंमत पुढचे दोन दिवस मोजावी लागते.

झोप, उजेड, चालणं

नैराश्यात बऱ्याच जणांना सकाळ सर्वांत जड जाते आणि संध्याकाळी थोडं हलकं वाटतं. हे माहीत असलं की सकाळी आठला जे वाटतं त्यावरून दिवसाचा निकाल लावायचा नाही, हे कळतं. अवघड कामं दुपारनंतर ठेवा.

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. सुट्टी असो, रात्र कशीही गेलेली असो, रोज एकाच वेळी उठा. वीस-पंचवीस मिनिटं तळमळत पडलात असं वाटलं तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा आणि डोळे जड झाले की परत या. घड्याळ बघू नका. दिवसा पडावंसं वाटलं तर अर्धा तास, दुपारी तीनच्या आत.

उठल्यावर तासाभरात बाहेरच्या उजेडात जा. ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेडही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो आणि शरीराचं आतलं घड्याळ त्यावर चालतं. चालणं याच वेळेला जोडून टाका. व्यायामाने नैराश्याची लक्षणं कमी होतात याला भरपूर पुरावा आहे, पण आजारी माणसाला 'व्यायाम कर' म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला पळ म्हणण्यासारखं. दारापर्यंत जा. चपला घाला. कोपऱ्यापर्यंत. पाच मिनिटं. पुढच्या आठवड्यात सात.

दारूचं थोडक्यात सांगते: ती घेतल्यावर तासभर मोकळं वाटतं, पण झोप मोडते, दुसऱ्या दिवशी मन अधिक खचतं आणि औषधांशी तिचं जमत नाही. ती घेतच असाल आणि रोज घेत असाल तर एकदम सोडू नका, डॉक्टरांना सांगून सोडा.

विचारांचा भोवरा

'माझ्याच बाबतीत असं का?' 'मी तेव्हा तसं का वागले?' हे प्रश्न विचार केल्यासारखे वाटतात, पण ते रवंथ असतं. मानसशास्त्रज्ञ सुझन नोलेन-होक्सेमा यांनी यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं आणि अशा रवंथाने नैराश्य लांबतं, खोल जातं हे दाखवलं. मी एक कसोटी लावते. दहा मिनिटं विचार करून करण्याजोगी एक तरी गोष्ट निघाली का? निघाली तर वहीत लिहायची. नसेल तर हा भोवरा आहे, आणि भोवऱ्यातून विचार करून बाहेर येता येत नाही. जागा बदलायची. उभं राहायचं, थंड पाण्याने तोंड धुवायचं, कुणाशी तरी भलतंच बोलायचं. प्रश्नातला 'का' काढून 'आता पुढची एक गोष्ट कोणती' असं विचारायचं. दिवसातून वीसदा करावं लागलं तरी वीसदा करायचं.

डोळे मिटून दीर्घ ध्यान करण्याचा सल्ला बरेच जण देतात. आजार भरात असताना काहींना त्या शांततेत भोवरा आणखी गरगरतो. तसं झालं तर अपराधी वाटून घेऊ नका आणि हात कामात राहील असं काही निवडा.

उमेदीचा डबा

रिकामा डबा किंवा पाकीट घ्या आणि बऱ्यापैकी दिवशी त्यात पुरावे गोळा करा. सुविचार नकोत, पुरावे हवेत. कुणीतरी लिहिलेली चिठ्ठी. एखाद्या संध्याकाळचा फोटो, मागे तारीख आणि काय घडलं ते चार ओळींत. आधीच्या दोन-तीन अवघड प्रसंगांतून तुम्ही कसे बाहेर आलात त्याची टिपणं. डॉक्टरांनी सांगितलेलं एखादं वाक्य. आणि स्वतःच स्वतःला लिहिलेलं एक पत्र: 'आज ही तारीख आहे, आज मला बरं वाटतंय, तुला हे वाचताना खोटं वाटेल, पण मी तूच आहे.'

दुसऱ्या वेळी आजाराने गाठलं तेव्हा माझ्या डब्यात पहिल्या वेळची वही होती. त्यात ते 'पाय धुतले' होतं. त्या पानावरून पुढे सरकत शेवटच्या पानापर्यंत गेले तेव्हा तिथे दोन दिवसांच्या प्रवासाची तयारी लिहिलेली होती. माझ्याच अक्षरात. मन म्हणत होतं की यातून कुणी बाहेर येत नाही, आणि हातात मीच बाहेर आल्याची नोंद होती.

पुढे बघण्यासाठीही एक रीत आहे. चार्ल्स स्नायडर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आशेचे तीन भाग सांगितले: कुठे जायचं ते, तिथे जायच्या वाटा, आणि त्या वाटेवर चालण्याचं बळ आपल्यात आहे ही जाणीव. हे मला पटतं, कारण यात 'छान वाटणं' कुठेच नाही. आठवड्यासाठी एक छोटं ठिकाण ठरवा आणि तिथे जायच्या दोन वाटा लिहा, एक बंद झाली तर दुसरी. उदाहरणार्थ, या आठवड्यात भावाशी बोलायचं. पहिली वाट फोन. बोलायचं बळच नसलं तर दुसरी वाट दोन ओळींचा मेसेज. शिवाय पुढच्या पंधरा दिवसांत तारखेला बांधलेली एक गोष्ट कायम असू द्या, अगदी ग्रंथालयात पुस्तक परत करण्याइतकी साधीही चालेल.

माणसांना काय सांगायचं

एका तरी माणसाला खरं सांगा. शब्द सुचत नसतील तर हेच पाठवा: 'माझी तब्येत बरी नाही. मला नैराश्य आहे, उपचार चालू आहेत. उपाय सुचवू नकोस, फक्त रोज एकदा विचारत जा. मी उत्तर दिलं नाही तरी विचारत जा.' एका मैत्रिणीशी मी आकड्याचं ठरवलं होतं. रोज रात्री ० ते १० मधला एक आकडा पाठवायचा, बाकी काही नाही. तीन किंवा खाली गेला की ती फोन करायची. बोलायचं बळ नसतानाही एक आकडा पाठवता येतो.

आणि हे वाचणारे तुम्ही जवळचे असाल तर: 'मन खंबीर कर', 'तुला काय कमी आहे', 'इतरांचं बघ' ही वाक्यं टाळा. आजारी माणूस ती स्वतःला आधीच शंभरदा ऐकवून बसलेला असतो. त्यापेक्षा 'मी येऊ का? बोलायची गरज नाही, नुसतं बसू' म्हणा. 'काही लागलं तर सांग' म्हणण्याऐवजी एक नेमकं काम उचला, डॉक्टरांची वेळ घ्या, सोबत जा. मरणाचे विचार येतात का, असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात येत नाहीत. उलट, सांगायला वाट मिळते. आणि तुमचीही झोप, तुमचीही विश्रांती सांभाळा, कारण हे काम आठवडाभराचं नसतं.

रात्र वैऱ्याची असते तेव्हा

मरणाचे विचार जोर धरतात तेव्हा ते कायमचे वाटतात. पण ती लाट असते. अनेकदा काही मिनिटांत किंवा तासांत तिचा जोर ओसरतो. तेवढा वेळ सुरक्षित निघेल अशी तजवीज आधीच करून ठेवायची. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी त्यासाठी सहा टप्प्यांचा सुरक्षा आराखडा तयार केला. बऱ्या दिवशी, शक्यतो समुपदेशकासोबत बसून, तो एका कागदावर लिहा.

सर्वांत वर धोक्याची खूण लिहा, म्हणजे लाट येण्याआधी तुमच्यात काय बदलतं ते. माझी खूण अशी की मी अचानक आवराआवर करायला लागते. त्याखाली एकट्याने करता येतील अशा दोन-तीन गोष्टी लिहा. मग मन दुसरीकडे वळेल अशी माणसं आणि जागा. मग ज्यांच्याकडे थेट मदत मागता येईल त्यांची नावं आणि नंबर. मग डॉक्टर, जवळचं रुग्णालय, तुमच्या भागातली आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइन आणि आपत्कालीन सेवा यांचे क्रमांक, फोनमध्ये आजच साठवलेले. आणि शेवटी घर सुरक्षित करणं: ज्या वस्तूंनी इजा होऊ शकते त्या दुसऱ्याच्या ताब्यात द्या, औषधांचा साठा घरातल्या कुणाकडे ठेवा आणि आठवड्यापुरत्याच गोळ्या हाताशी ठेवा. हा शेवटचा टप्पा ओशाळवाणा वाटतो, पण जीव वाचवणारा आहे. त्याला टाळू नका.

वरच्या गोष्टी करूनही विचार हटत नसतील, किंवा काही करण्याचा बेत मनात तयार होत असेल, तर एकटे राहू नका. कुणाला तरी सोबत घेऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. रात्रीचे दोन वाजले असले तरी जा.

बरं वाटायला लागल्यावर

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. चार दिवस बरे जातात, पाचवा आपटतो, आणि वाटतं की सगळं पहिल्यापासून सुरू झालं. अशा वेळी पीएचक्यू-९ ची जुनी पानं काढा. माझे आकडे दर पंधरवड्याने १९, १७, १८, १४, १५, ११ असे गेले होते. त्यातल्या १८ आणि १५ च्या वेळी मी हरल्यासारखी बसले होते.

पहिल्यांदा आजारी पडलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना तो पुढे कधीतरी पुन्हा गाठतो. हे घाबरवायला सांगत नाही, तयारी करता यावी म्हणून सांगते. तीन किंवा अधिक वेळा आजार झालेल्यांसाठी सजगतेवर आधारलेला आठ आठवड्यांचा एक उपचारक्रम आहे, तो बऱ्या काळात करायचा असतो. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

आणि एक कागद तयार करा. त्यावर मागच्या वेळी सर्वांत आधी काय बदललं होतं ते लिहा. बहुतेकांना रडू किंवा खिन्नता आठवते, पण त्याआधीच काहीतरी लहानसं घडलेलं असतं. माझ्या बाबतीत मी फोन उचलणं बंद करते आणि झाडांना पाणी घालायचं विसरते, हे दोन्ही मन खचण्याच्या तीन आठवडे आधी. त्याखाली लिहा की यांतल्या दोन गोष्टी सलग आठवडाभर दिसल्या तर काय करायचं: डॉक्टरांची वेळ, वही पुन्हा सुरू, रात्रीचा आकडा पुन्हा सुरू. या कागदाच्या दोन प्रती करा. एक डब्यात ठेवा. दुसरी अशा माणसाला द्या ज्याला तुमच्या घरातली झाडं दिसतात.